७५ इंची टच पॅनल: आठ महिने आणि खडूची भुकटी

टच पॅनल, म्हणजे बोटाने लिहिता येणारी फळ्याएवढी स्क्रीन, वर्गात येऊन आठ महिने झाले. फोर-के, अँड्रॉइड, मागे विंडोजसाठी ओपीएस (खाचेत बसणारा छोटा संगणक), हे सगळ्यांना माहीत आहे, त्यात शिरत नाही. लिहायला बसलो ते सर्व्हिसवाल्याशी झालेल्या भांडणामुळे.

सहाव्या महिन्यात पॅनलला भूतबाधा झाली. आडवी रेघ ओढावी तर मधेच तुटायची. कोणी हात न लावता खालच्या कोपऱ्यात टिंबं उमटायची, मेनू उघडायचे. मुलांची फुकट करमणूक, माझा तास पाण्यात. रीस्टार्ट, कॅलिब्रेशन, अपडेट, सगळं करून झालं. सर्व्हिसवाल्याने पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "सर, टच फ्रेम बदलावी लागेल. वॉरंटीत बसत नाही, धूळ गेलीय." वर्गात धूळ नसेल तर कुठे असेल, यावर आमची जुंपली.

पण त्याचा 'धूळ' हा शब्द कामाचा निघाला. या जातीच्या पॅनलला बोट कळतच नाही. काचेच्या कडांना एका बाजूला इन्फ्रारेड दिवे, समोर सेन्सर. किरण जिथे अडला तिथे स्पर्श. म्हणून माशी बसली तरी टिंब, शर्टाची बाही घासली तरी रेघ. आमचा खडूचा फळा पॅनलला खेटून आहे. पुसला की भुकटी थेट खालच्या कडेवर. वीज बंद करून मऊ ब्रश आणि कोरड्या मायक्रोफायबरने कडा झाडल्या. दहा मिनिटांत भूत उतरलं. नवी फ्रेम घेतली असती तर तिचीही सहा महिन्यांत हीच गत झाली असती!

याच तंत्राचा एक फायदाही आहे. सोबतचे दोन्ही पेन कधीच हरवले, पण नवे मागवले नाहीत. वाळलेला मार्कर टोपण लावून वापरतो, तसाच चालतो.

पहिले दोन महिने मी याला मोठा टीव्हीच म्हणत होतो. मत बदललं जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. y = ax² मध्ये a चा स्लायडर ओढत होतो. पॅराबोला पसरला, मग उलटा झाला. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, बरोबर शून्यावर तो कुठे जातो?" इतकी वर्षं फळ्यावर हा आलेख काढला, हे कोणी विचारलं नव्हतं. त्यालाच पुढे बोलावलं, शून्यावर आणायला लावलं. वक्र नाहीसा, X-अक्षावर सपाट रेघ. विद्युत मंडलांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (PhET) वापरतो, म्हणजे स्क्रीनवर करून बघायचे प्रयोग, सिम्युलेशन. फुकट आहे, आणि सिम्युलेशन आधी उतरवून ठेवलं की नेट गेलं तरी तास अडत नाही.

तासाला पॅनलवर लिहिलेल्याची पीडीएफ मुलांना पाठवायची सोय मात्र बंद केली. मुलं वहीत लिहीनाशी झाली होती.

स्पीकर सुमार. बाकी तक्रार नाही. खडूचा फळा काढा असं स्टाफरूममध्ये दोघे-तिघे म्हणतात. मी फक्त डस्टर काढलाय. आता ओल्या फडक्याने पुसतो.