दमवणे, थकवणे की जेरीस आणणे? नेमका शब्द कसा निवडावा

शब्द निवडण्याआधी एक गोष्ट ठरवा: त्या माणसाचं नेमकं काय संपलं? श्वास, अंगातली ताकद, डोकं, की टिकून राहण्याची जिद्द? हे न ठरवता लिहिलं की सगळीकडे 'थकवलं' येतं आणि वाक्य सपाट होतं.

'दमवणे' श्वासाशी जोडलेलं आहे. चढ दमवतो, जिने दमवतात, घरभर धावणारं पोर दमवतं. घटकाभर दम खाल्ला की माणूस पुन्हा उभा राहतो. 'नातवाने आज पार दमवलं' यात तक्रारीपेक्षा कौतुक जास्त असतं, म्हणूनच पिळवणुकीच्या बातमीत हा शब्द फार हलका पडतो.

'थकवणे' त्याहून खोल. आजारपण, वय, रोजचा लोकलचा प्रवास थकवतो. एका रात्रीच्या झोपेने तो थकवा जात नाही. 'टायफॉइडने थकवलं' बरोबर, तिथे 'दमवलं' खटकतं. पण या शब्दाला पैशाचाही अर्थ आहे: भाडं थकवणे, हप्ते थकवणे. 'कारखान्याने शेतकऱ्यांना थकवले' असा मथळा दिलात, तर वाचणाऱ्याच्या मनात आधी उसाचं बिल येईल. अशा ठिकाणी वेगळा शब्द घ्या.

डोळे आणि डोकं यांच्यासाठी 'शिणवणे' सर्वांत नेमकं; बारीक अक्षरं डोळे शिणवतात. इथे एक सापळा आहे. 'थकलाभागला' म्हणतो म्हणून 'भागवणे' म्हणजे थकवणे होत नाही. तहान भागवतात, खर्च भागवतात. माणसाला भागवत नाहीत.

जिद्द मोडायला आली असेल तर 'जेरीस आणणे'. यात समोर प्रतिपक्ष हवा आणि मारा सतत हवा. संताजी-धनाजींनी औरंगजेबाच्या फौजांना जेरीस आणलं; तिथे 'दमवलं' लिहिणं म्हणजे त्या झुंजीचा खेळ करणं. याउलट 2001 च्या कोलकाता कसोटीत लक्ष्मण आणि द्रविड यांनी चौथा अख्खा दिवस एकही बळी न देता खेळून काढला. त्या एका दिवसापुरतं बोलायचं तर ऑस्ट्रेलियाच्या गोलंदाजांना 'दमवलं' चालेल. पण त्यांना सुचेनासं झालं हे सांगायचं असेल तर 'जेरीस आणलं'च हवं. 'जेर करणे' मात्र वेगळं, त्यात समोरचा हरलेला असतो. जेरीस आलेला अजून लढत असतो.

'मेटाकुटीला आणणे' याला शत्रू लागत नाही. महागाई, कर्ज, कोर्टाच्या तारखा माणसाला मेटाकुटीला आणतात. सोसण्याची हद्द संपत आल्याची भावना या शब्दात आहे, आणि सामान्य माणसाच्या हालांसाठी मला हाच सर्वांत योग्य वाटतो.

वाक्प्रचार वापरताना चूक होते ती विभक्तीची. 'मला नाकी नऊ आले' नव्हे, 'माझ्या नाकी नऊ आले'. तसंच 'त्याच्या तोंडाला फेस आणला', 'आमचा पिट्टा पाडला'. 'जेरीस' आणि 'मेटाकुटीला' यांच्याबरोबर मात्र 'त्याला' येतं. 'पिट्टा पाडणे' हे गप्पांत झकास, अर्जात नको. आणि 'घाम काढणे' म्हणजे राबवून घेणं. 'घाम फोडणे' यात भीतीची छटा आहे. क्रीडापानावर या दोन्हींची सर्रास अदलाबदल होते.

प्रश्नांनी किंवा फोनने छळलं तर 'भंडावून सोडलं', डासांनी वा उकाड्याने 'हैराण केलं', खोकल्याने 'बेजार केलं'. यात ताकद जात नाही, चैन जाते.

तक्रार अर्ज लिहायचा असेल तर यातला एकही शब्द पुरत नाही. तिथे 'हेलपाटे घालायला लावले' असं लिहून पुढे कोणत्या तारखेला, कोणत्या खिडकीवरून, कोणता कागद मागून परत पाठवलं ते नोंदवा.