एलडीएच-पी किट: रिएजंट चोख, माहितीपत्रक अपुरं

छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये सेमी-ऑटो ॲनालायझरवर लॅक्टेट डिहायड्रोजिनेज (एलडीएच) या एन्झाइमची टेस्ट करायची असेल, तर हे आर-1 आणि आर-2 अशा दोन बाटल्यांचं लिक्विड किट बिनधास्त घ्यावं. पायरूव्हेटचं लॅक्टेट होताना एनएडीएच हे सहएन्झाइम खर्च होतं आणि 340 नॅनोमीटर तरंगलांबीला ॲब्सॉर्बन्स (मिश्रण किती प्रकाश शोषतं ते) उतरत जातो. उतरण्याचा वेग मोजायचा, एवढंच.

आर-1 चार भाग, आर-2 एक भाग. हे मिश्रण 1000 मायक्रोलिटर, 37 अंशांवर आणून त्यात 20 मायक्रोलिटर सीरम. एक मिनिट थांबून पुढची तीन मिनिटं रीडिंग. त्या वेगाला ज्याने गुणायचं तो फॅक्टर 8199. मशिनमध्ये जुन्या किटचा फॅक्टर राहिलाय का, ते आधी बघा. 10 मायक्रोलिटर सॅम्पलवाल्या किटचा फॅक्टर जवळपास दुप्पट असतो, तो तसाच राहिला तर रिपोर्टही दुप्पट जातो.

नाजूक आहे ती आर-2ची बाटली. एप्रिल-मेच्या पुण्यात पार्सल दुपारभर कुरिअरच्या गाडीत तापलं की एनएडीएच खराब होतं. बॉक्स फोडल्यावर थोडं मिश्रण करून डिस्टिल्ड वॉटरला शून्य धरून रीडिंग घ्या, 1.0च्या खाली आलं तर लॉट परत पाठवा.

फसवणारी गोष्ट वेगळीच. एलडीएच फारच वाढलेलं असेल, तर पहिल्याच मिनिटात एनएडीएच संपतं, रेघ सपाट होते आणि मशिन चक्क नॉर्मल आकडा दाखवतं! सुरुवातीचा ॲब्सॉर्बन्स खूप कमी दिसला की एक भाग सीरम, नऊ भाग सलाइन करून परत लावा आणि उत्तराला दहाने गुणा.

माहितीपत्रकावर मात्र राग येतो. सीरम फ्रीजमध्ये ठेवू नये, हे त्यात कुठेच नाही. लिव्हर आणि स्नायूंमधले एलडी-4, एलडी-5 हे एलडीएचचे प्रकार थंडीत निकामी होतात. सीरम बाहेरच ठेवून त्याच दिवशी लावावं. हिमोलिसिसवर, म्हणजे तांबड्या पेशी फुटण्यावर, जेमतेम एक ओळ. तांबड्या पेशींत सीरमच्या शंभरपटीहून जास्त एलडीएच असतं. हडपसर किंवा कात्रजच्या कलेक्शन सेंटरवरून सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवलेली ट्यूब दुचाकीवर खड्ड्यांतून हादरत पेठेतल्या लॅबमध्ये आली, तर आकडा वाढणारच. तिथेच सेंट्रिफ्यूज करून सीरम पाठवायला लावा. सीरम गुलाबी दिसलं तर सॅम्पल परत मागवा, अंदाजाने आकडा कमी करू नका.

रिपोर्टवर पद्धतही छापा. लॅक्टेटपासून उलटी रिॲक्शन मोजणाऱ्या लॅबची नॉर्मल रेंज याच्या साधारण निम्मी असते. लिम्फोमाच्या (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरच्या) पेशंटचं फॉलोअप चालू असताना मधेच पद्धत बदलली, तर डॉक्टरांना आजार वाढला की किट बदललं हे कळायला मार्ग नसतो.