पैसे बुडाले नाहीत, तरी फसवलं: परदेशातल्या ‘सेवा अधिक सहल’ पॅकेजचा अनुभव

फसवणूक म्हटलं की पैसे घेऊन फोन बंद करणारा एजंट डोळ्यांसमोर येतो. माझ्या बाबतीत कुणीच गायब झालं नाही. विमानतळावर माझ्या नावाची पाटी घेऊन माणूस उभा होता, खोली स्वच्छ होती, सुट्टीच्या दिवशी अंगकोर वाटची सहलही ठरल्याप्रमाणे झाली. खोटं होतं ते फक्त काम, ज्यासाठी म्हणून मी गेले होते. अशी फसवणूक पटकन ओळखू येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पॅकेज कंबोडियाचं होतं. सिएम रीपजवळच्या एका अनाथाश्रमात सकाळी मुलांना इंग्रजी शिकवायचं आणि उरलेल्या वेळात देश बघायचा. ‘प्रोग्रॅम फी’ विमानाच्या तिकिटापेक्षा जास्त होती, पण त्यातला मोठा वाटा मुलांवर खर्च होतो असं सांगितलं होतं. नेमका किती, असं मी मेलवर विचारलं तेव्हा आकड्यांऐवजी हसऱ्या मुलांचे फोटो आले.

पॅकेज विकणाऱ्या कंपनीचा फॉर्म भरताना टी-शर्टचा साइज विचारला होता. आहार, अ‍ॅलर्जी, विमानाची वेळ, आणीबाणीत कुणाला फोन करायचा, सगळं विचारलं होतं. शिकवण्याचा अनुभव आहे का, हा प्रश्न नव्हता. पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र तर कुणी मागितलंच नाही. लहान मुलांमध्ये परक्या माणसाला सोडण्याआधी जो कागद सगळ्यात आधी मागायला हवा तो ज्यांना नको असतो, त्यांना मुलांची किती काळजी असेल ते तुम्हीच ठरवा.

व्हिसाबद्दलची सूचना मात्र अगदी स्पष्ट होती : कारण ‘पर्यटन’ लिहा, इमिग्रेशनवर व्हॉलंटियरिंगचं नाव काढू नका. पगार नाही म्हणजे ते काम नाही, असं बऱ्याच जणांना वाटतं. अनेक देशांचे कायदे तसं मानत नाहीत. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर बिनपगारी सेवाही चालत नाही. ब्रिटनमध्ये पर्यटक म्हणून आलेल्याला ती मुभा आहे, पण नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत आणि जास्तीत जास्त ३० दिवस. कुठे पकडले गेलात तर अडकता तुम्ही. कंपनी कानांवर हात ठेवते.

आश्रमात पोचलो तर मुलांनी रांगेत उभं राहून गाणं म्हटलं, नाच केला. पाच मिनिटांत एक चिमुरडी माझ्या कडेवर होती आणि उतरायला तयार नव्हती. फोटोत हे फार गोड दिसतं. पण आईबापांजवळ वाढणारं मूल अनोळखी माणसाला बघून आधी आईच्या मागे लपतं. रोमानियातल्या अनाथालयांमधल्या मुलांवर २००० सालापासून जो दीर्घ अभ्यास चालला, त्यात दिसेल त्या परक्या माणसाला बिनदिक्कत बिलगण्याचा संबंध संस्थेत वाढण्याशी असल्याचं दिसलं. दर पंधरवड्याला नवे ताई-दादा येतात, जीव लावतात, निघून जातात. आम्ही त्या रांगेतलेच पुढचे.

मला खरा धक्का बसला तो एका वहीने. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाची वही तपासायला घेतली. पहिल्या पानावर ‘माय नेम इज’, पुढे रंगांची नावं, मग प्राण्यांची. चार-पाच पानं उलटली की पुन्हा ‘माय नेम इज’, पुन्हा रंग, पुन्हा प्राणी. शिकवणाऱ्याचं अक्षर दर वेळी वेगळं. वही अशीच भरत आली होती. येणारा प्रत्येक जण पहिल्या धड्यापासून सुरुवात करत होता, कारण आधीचा कुठवर आला होता हे सांगणारं तिथे कुणीच नव्हतं. त्या मुलाला माझा धडा माझ्या आधीच पाठ होता. मी फळ्याकडे वळायच्या आत तो ‘यलो’ म्हणून मोकळा व्हायचा, आणि मग शहाण्यासारखा गप्प बसायचा, मला शिकवू द्यायला.

याच मुलाने मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आई गावाला असते, सणाला भेटायला येते. को-ऑर्डिनेटरला विचारलं तर तो म्हणाला, ‘मुलं काहीही सांगतात.’

मुलं काहीही सांगत नव्हती. युनिसेफच्या माहितीनुसार कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अशा निवासी संस्था ७५ टक्क्यांनी वाढल्या, आणि त्यांतल्या चारपैकी जवळपास तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी पालक, हयात होते. म्हणजे अनाथ वाढले म्हणून आश्रम निघाले, असं नव्हे. बघायला येणारे आणि पैसे देणारे वाढले म्हणून आश्रम निघाले, आणि ते भरण्यासाठी मुलं गोळा झाली. खेड्यातल्या गरीब आईबापांना सांगतात, मूल शहरात शिकेल, पोटभर जेवेल. कोणते आईबाप नाही म्हणतील? आणि एकदा मूल आत आलं की ते जरा फाटक्या कपड्यांत दिसलेलंच मालकाला परवडतं. धट्टंकट्टं, नीटनेटकं मूल बघून देणगी कोण देणार?

हे काही दडलेलं गुपित नाही. तिथल्याच संस्थांनी युनिसेफच्या पाठिंब्याने २०११ मध्ये ‘मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नव्हेत’ अशी मोहीम चालवली होती. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने २०१७ च्या आधुनिक गुलामगिरीवरच्या अहवालात अनाथालयांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची दखल घेतली, आणि २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या ठरावात अनाथालय-पर्यटनाचा उल्लेख आला. कंपनीच्या वेबसाइटवर यातलं अवाक्षर नव्हतं, उलट ‘जबाबदार पर्यटन’ असा हिरवा शिक्का होता, जो बहुधा त्यांनीच स्वतःला दिलेला.

प्राण्यांच्या नावाखालीही हाच धंदा चालतो. दक्षिण आफ्रिकेत ‘पोरक्या’ सिंहाच्या बछड्यांना बाटलीने दूध पाजायचे कार्यक्रम विकले जात. हे बछडे पोरके नसतात, पिलावळ वाढवण्यासाठी आईपासून तोडलेले असतात. माणसाच्या हातचं खाऊन वाढलेला सिंह जंगलात सोडता येत नाही, आणि अशांतले कितीतरी पुढे कुंपणाच्या आत हौशी शिकाऱ्यांसमोर उभे केले गेले.

मी मुदतीआधीच निघाले आणि उरलेले पैसे परत मागितले. उत्तर आलं की ती फी नव्हतीच, ‘देणगी’ होती, आणि देणगी परत मिळत नाही. करारात तळाशी बारीक अक्षरांत तसं होतंच. कंपनीची नोंदणी तिसऱ्याच देशातली, त्यामुळे दाद कुठे मागायची हाही प्रश्न. शेवटी कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली. बँकेने कंपनीकडे विचारणा केली आणि कंपनीने पुरावे पाठवले : विमानतळावरची पिकअपची नोंद, खोलीचं बिल, आणि मुलांच्या घोळक्यात हसणारा माझा फोटो. सेवा दिलेली दिसते, तक्रार बंद. बँकेच्या हिशेबाने ते बरोबरच होतं म्हणा. त्या फोटोत मी खरंच हसत होते.

म्हणून जाणाऱ्यांनी पैसे भरायच्या आधी काही गोष्टी लेखी मागाव्यात. हे काम मागच्या आठवड्यात कोण करत होतं आणि मी गेल्यावर कोण करणार? तेच काम करणारा स्थानिक माणूस पगारावर का नाही? लेखापरीक्षण झालेला ताळेबंद कुठे बघायला मिळेल? मुलांशी थेट संबंध येणारं अल्प मुदतीचं काम असेल तर सरळ नाही म्हणा, कंपनी कितीही नावाजलेली असो. खरोखर गरज असलेल्या ठिकाणी माणसं पारखून घेतात. संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक विभाग निवडलेल्यांकडून फी घेत नाही, उलट निर्वाहभत्ता देतो, आणि हातात कसब आहे का ते आधी बघतो. ते नसेल आणि नुसतं हिंडत काम करायचं असेल तर १९७१ पासून चालत आलेल्या ‘वूफ’सारख्या व्यवस्थेतून शेतावर राबावं. तिथे राहण्या-जेवणाच्या बदल्यात काम असतं, आणि तण उपटून कुणाचं बालपण बिघडत नाही. व्हिसाचे नियम मात्र तिथेही बघूनच जा.

आश्रमाबद्दल शंका असेल तर एक प्रश्न हमखास विचारा : गेल्या वर्षी तुमच्याकडची किती मुलं आपल्या घरी परत गेली? प्रामाणिक संस्था याचा आकडा सांगते, कारण मूल घरी पोचवणं हेच तिचं काम असतं. मी हा प्रश्न त्या कंपनीलाही मेलवर विचारला. उत्तरात जुन्या व्हॉलंटियर्ससाठी सवलतीचा कूपन कोड आला, महिनाअखेरपर्यंत लागू.