कॉमस्टॉकची शेअर सर्टिफिकेटं : आठ महिन्यांनंतर, आणि त्या कापाबद्दल

गेल्या आठवड्यात पाकीट उघडलं आणि डोकंच फिरलं. संग्रहासाठी मागवलेलं हेल अँड नॉरक्रॉस सिल्व्हर मायनिंग कंपनीचं जुनं शेअर सर्टिफिकेट, 65 डॉलर मोजलेले, आणि सेक्रेटरीच्या सहीतून आरपार चाकूचा काप! विक्रेत्याने फोटो असा काढला होता की काप घडीसारखा दिसावा. तीन मेल केले. उत्तर एकच : ‘रद्द झालेलं आहे’ असं लिहिलं होतं. लिहिलं होतं, मान्य. पण रद्द तर शाईच्या फुलीनेही करतात, शिक्का मारूनही करतात. कापाचं वेगळं सांगायला नको?

आठ महिन्यांत सात कागद जमले, सगळे अमेरिकेतल्या नेव्हाडातल्या कॉमस्टॉक या चांदीच्या खाणपट्ट्यातल्या कंपन्यांचे. छपाई, कागद, सह्या, कशाबद्दल तक्रार नाही. खाण व्हर्जिनिया सिटीला आणि कंपनीचं ऑफिस सान फ्रान्सिस्कोत, हे कागदावरच वाचायला मिळतं. मालकाच्या जागी बहुतेकदा दलालाचं नाव आणि पुढे ‘ट्रस्टी’, म्हणजे दुसऱ्याचा शेअर आपल्या नावावर धरणारा. मागे सही केली की शेअर हातोहात विकायला मोकळा. सुरुवातीला खऱ्या मालकाचं नाव नाही म्हणून मी हिरमुसलो होतो. आता तोच शब्द आधी शोधतो.

पण काप डोक्यातून जाईना. चार रात्री तोच कागद दिव्याखाली घेऊन बसलो. डाव्या कडेला वाळलेला डिंक दिसला आणि उलगडा झाला. शेअर दुसऱ्याच्या नावे झाला की जुनं सर्टिफिकेट ऑफिसात परत येई, ते रद्द करून मूळ पुस्तकातल्या अर्धुकाला (सर्टिफिकेट फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्याला) चिकटवत आणि नवं देत. म्हणजे काप हा व्यवहार पुरा झाल्याची खूण. ज्याच्याकडे हा कागद होता तो विकून सुटला होता.

मग कपाटातलं सिएरा नेव्हाडा या कॉमस्टॉकच्याच दुसऱ्या कंपनीचं सर्टिफिकेट काढलं. ऑक्टोबर 1878, कोरं करकरीत, ना भोक ना काप. ‘रद्द न झालेलं’ म्हणून हौसेने 140 डॉलर दिले होते. त्या वर्षी नवं घबाड लागल्याच्या हवेने हा शेअर चढला आणि नोव्हेंबरात कोसळला. त्यात या कंपन्या शेअरची पूर्ण किंमत भरलेल्यांकडूनही पुन्हा पुन्हा असेसमेंट, म्हणजे शेअरमागे जादा पैसे, मागायच्या. पैसे भरले नाहीत तर शेअरचा लिलाव. हा कागद ऑफिसात परत गेलाच नाही, कुणाच्या तरी पेटीत राहिला. ज्याला मी सगळ्यांत चांगला नमुना समजत होतो, त्याच्याकडे आता बघवत नाही.

कापलेलं अल्बमात पहिल्या पानावर घेतलं आहे. अल्बमची पानं पॉलिएस्टरचीच घ्या. स्वस्तातल्या पीव्हीसी प्लॅस्टिकला शाई चिकटते. माझ्या एका सहीचं शेपूट त्यात गेलं.

विक्रेत्यावरचा राग कायम आहे. पैसे देण्याआधी मी आता कागद खिडकीसमोर उजेडात धरून काढलेला फोटो मागतो. देत नसेल तर पुढे जातो.