रविवारी रात्री लॅबमधून स्वतः फोन आला (5 पैकी 4 स्टार)

कर्वे पुतळ्याजवळची ही लॅब छोटी आहे, बसायला चारच खुर्च्या, पण मला जे सांगायचंय ते वेगळंच आहे. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, 35वा आठवडा. दोन दिवस उजव्या बरगडीखाली दुखत होतं, मळमळ होती, आई म्हणाली पित्त असेल, आधी एका दवाखान्यात नेलं तर त्यांनीपण पित्ताचीच गोळी दिली आणि बीपी बघितलंच नाही!! मला अजून राग येतो. आमच्या गायनॅककडे नेलं तेव्हा बीपी 150/100, लघवीत प्रोटीन. त्यांनी लगेच ॲडमिट करून घेतलं आणि ह्या लॅबला फोन लावला. रविवार असून वीस मिनिटांत मुलगा सॅम्पल घ्यायला हजर.

रिपोर्ट सकाळी मेलवर येणार होता, पण रात्री साडेनऊला लॅबच्या मॅडमनी स्वतः गायनॅकला फोन केला. प्लेटलेट 82 हजार, एसजीओटी (लिव्हरचं एन्झाइम) वाढून 190, आणि स्लाइड स्वतः बघितली तर तुटलेल्या लाल पेशी दिसल्या म्हणाल्या. नुसतं मशीनच्या आकड्यांवर सोडलं असतं तर ते कळलं असतं का? ह्याला हेल्प सिंड्रोम म्हणतात, 1982 मध्ये हे नाव पडलं, लाल पेशी फुटतात, लिव्हरचे एन्झाइम वाढतात, प्लेटलेट उतरतात. ते दुखणं पोटाचं नव्हतंच, सुजलेल्या लिव्हरवरचं आवरण ताणलं जातं म्हणून तिथे दुखतं, आणि काही जणींना तर बीपी फार वाढलेलं नसतानाही हे होतं. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू करून तिला एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) असलेल्या हॉस्पिटलला हलवलं, पहाटे सिझर. बाळ 2 किलो 100 ग्रॅम.

डिलिव्हरीनंतरही दोनेक दिवस प्लेटलेट खाली जाऊ शकतात म्हणून रोज टेस्ट होत्या, ते रिपोर्ट तिथल्याच लॅबचे, तरी ह्या मॅडमनी दोनदा फोन करून चौकशी केली. चौथ्या दिवशी प्लेटलेट दीड लाखावर.

एक स्टार कापला तो रिपोर्टच्या फॉरमॅटसाठी. अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम जास्त म्हणून लाल रंगात आलं आणि भावजी हादरलेच, मग कळलं की शेवटच्या महिन्यांत ते वारेमुळे (प्लासेंटामुळे) तसंही वाढतं. गरोदर बायकांसाठीची रेंज बाजूला छापा ना प्लीज.