एंटिटी एसईओचे आठ महिने: कोकमाच्या साइटवर काय जमलं, काय नाही

सावंतवाडीजवळ आमचा कोकमाचा घरगुती व्यवसाय आहे. वेबसाइट मी सांभाळते. आधी ती एका एजन्सीकडे होती. त्यांनी 'कोकम', 'आमसूल', 'अमसूल', 'शुद्ध कोकम', 'कोकम ऑनलाइन' अशा प्रत्येक शब्दाचं वेगळं पान करून ठेवलं होतं. मजकूर तोच, फक्त शब्द फिरवलेले. वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नव्हतं, याचं मला फार वाईट वाटायचं. आठ महिन्यांपूर्वी ती सगळी पानं मोडली.

एसईओ म्हणजे साइट गूगलच्या शोधात वर यावी म्हणून केलेली मांडणी. एंटिटी म्हणजे शब्दामागची वस्तू; एंटिटी एसईओत पानं शब्दांवर नाही, वस्तूंवर बेततात. गूगलने २०१२ मध्ये नॉलेज ग्राफ, म्हणजे वस्तू आणि त्यांच्यातली नाती नोंदवणारा माहितीसंग्रह, आणला तेव्हापासून शोधाचा रोख अक्षरांकडून वस्तूकडे वळला, आणि २०१९ मध्ये बर्ट हे भाषा समजणारं मॉडेल शोधात आल्यावर वाक्यातला संदर्भही बराच कळू लागला. आमची अडचण नेमकी इथेच होती. एका रातांब्यातून, म्हणजे कोकमाच्या फळातून, चार वस्तू निघतात. साल रसात बुडवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवली की आमसूल. रसात मीठ घातलं की आगळ, सोलकढीसाठी. साखर घातली की सरबत. बियांचं तेल टाचांच्या भेगांना. लोक 'कोकम' एवढंच टाइप करतात आणि त्यांना यातलं काहीही हवं असतं.

म्हणून फळाचं एक मुख्य पान केलं, चार वस्तूंची चार, आणि ती एकमेकांना जोडली. जुन्या पानांवरून नव्यांवर रीडायरेक्ट लावले, म्हणजे जुना पत्ता उघडला तरी नवं पान येतं. रातांबा, भिरंड ही नावंही मजकुरात आणली, कारण गोव्याकडचं गिऱ्हाईक भिरंडच म्हणतं. मुख्य पानावर एक परिच्छेद खास लिहिला: आपलं कोकम म्हणजे गार्सिनिया इंडिका, आणि वजन कमी करण्याच्या गोळ्यांत असतं ते गार्सिनिया कंबोजिया, म्हणजे केरळातली कुडमपुळी. गोत्र एकच, फळं वेगळी. याआधी गोळ्या शोधणारे आमच्याकडे येऊन रिकाम्या हाताने जायचे.

पहिल्या महिन्यात भेटी घटल्या आणि माझा धीर सुटत आला होता. तिसऱ्या महिन्यापासून सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे लोक काय शोधून साइटवर येतात ते दाखवणाऱ्या गूगलच्या साधनात, वेगळेच प्रश्न दिसू लागले. 'सोलकढीला आमसूल घ्यावं की आगळ' हे वाक्य आमच्या साइटवर कुठेच नाही, तरी आगळाचं पान त्याला वर येतं. रोमन लिपीत टाइप केलेल्या मराठीलाही येतं.

स्कीमाचं, म्हणजे पानावर काय आहे ते गूगलला सांगणाऱ्या कोडचं, मात्र मोकळेपणाने सांगते. उत्पादनाचा स्कीमा लावल्यावर निकालात किंमत आणि 'उपलब्ध' दिसू लागलं, हा सरळ फायदा. पानाचा विषय विकिडेटा या खुल्या माहितीसंग्रहातल्या नोंदीशी जोडणारा सेमअ‍ॅजचा दुवाही घातला, पण त्याचा वेगळा परिणाम मला दाखवता येणार नाही. वेळ कमी असेल तर आधी मजकूर नीट करा, कोड नंतर.

'आमसूल म्हणजे काय' याचं उत्तर आता निकालातच वर मिळतं, त्यामुळे तिथे क्लिक फार कमी. ऑर्डर येतात त्या बारीक प्रश्नांवरून.

सध्या तेलाचं पान अडलंय. लोक 'कोकम तेल' शोधत येतात, बाटलीच्या अपेक्षेने, आणि समोर पांढरट घट्ट गोळा दिसला की परत जातात. तिथे सगळ्यात वर गोळ्याचा फोटो टाकतेय, शेजारी पळीत वितळलेलं तेल आणि ते टाचेला लावणारा आईचा हात.