जर्मनीत पब्लिक हेल्थ इन्शुरन्स की प्रायव्हेट? ऑफर लेटर हातात आलेल्यांसाठी

महिन्यातून एकदा तरी कुणाचा मेसेज येतोच, दादा ऑफर आलीय, एचआर विचारतेय इन्शुरन्स पब्लिक घेणार की प्रायव्हेट, आणि एका एजंटने आधीच फोन करून सांगितलंय की प्रायव्हेट स्वस्त पडतं. पडतं ना, मी कुठं नाही म्हणतोय. तिशीतला, एकटा, धडधाकट माणूस असेल तर सुरुवातीला दर महिन्याला बऱ्यापैकी पैसे वाचतात. पण हे गणित आजचा पगार बघून मांडायचंच नसतं, पुढच्या दहा वर्षांत घरात कोण कोण येणारंय ते बघून मांडायचं असतं.

आधी हे बघा की तुम्हाला चॉइस आहे का. 2025 मध्ये वर्षाला 73,800 युरोच्या वर पगार असेल तरच नोकरदाराला प्रायव्हेटमध्ये जाता येत होतं, ही मर्यादा दर वर्षी नव्याने ठरते. त्याखाली असाल तर पब्लिकच, विषय संपला. आणि पब्लिक म्हणजे काही दुय्यम नाही हं, बिस्मार्कच्या काळात 1883 ला कामगारांसाठी सुरू झालेली ही पद्धत आहे आणि आज इथले दहातले जवळपास नऊ जण त्यातच आहेत.

पब्लिकमध्ये हप्ता पगाराच्या टक्क्यांत कापतात, तुमचं वय काय, शुगर आहे का, कुणी विचारत नाही. मूळ 14.6 टक्के, वर प्रत्येक कासंचा (म्हणजे इन्शुरन्स फंडाचा) थोडा जादा टक्का, आणि हे सगळं अर्धं तुम्ही अर्धं कंपनी. पगार कितीही वाढला तरी एका मर्यादेपुढे हप्ता वाढत नाही, 2025 मध्ये तुमच्या वाट्याला जास्तीत जास्त साधारण 471 युरो महिना येत होते, नर्सिंग केअरचा (म्हणजे पुढे कुणी सांभाळायची गरज पडली तर त्यासाठीच्या विम्याचा) हप्ता वेगळा. आता खरी गंमत, बायको कमवत नसेल तर ती आणि पोरं याच हप्त्यात, वेगळा एक युरोही नाही. पुण्याहून लग्न करून आलेली, जर्मन शिकतेय, नोकरी अजून नाही, अशा घरात हा केवढा फरक पडतो बघा.

प्रायव्हेटमध्ये माणशी हप्ता. बायकोचा वेगळा, प्रत्येक पोराचा वेगळा. आणि एक गोम अशी की लग्न झालेलंय, तुम्ही प्रायव्हेटमध्ये, पगार प्रायव्हेटला लागणाऱ्या त्या मर्यादेच्या वर आणि बायकोपेक्षा जास्त, तर बायको पब्लिकमध्ये असली तरी पोरं तिच्या कार्डावर फुकट जात नाहीत. हे एजंट स्वतःहून सांगत नाहीत. शिवाय आत जाताना तब्येतीचा फॉर्म भरावा लागतो, बीपी, पाठदुखी, जुनं काउन्सेलिंग, सगळं लिहायचं, त्यावर हप्ता वाढवतात नाहीतर सरळ नाही म्हणतात. पॅरेंटल लीव्हवर गेलात की कंपनीचा वाटा बंद, पूर्ण हप्ता तुमच्या खिशातून.

मग लोक प्रायव्हेट घेतात कशाला? डॉक्टरच्या अपॉइंटमेंटसाठी. मला पाठीवर पुरळ आलं होतं, स्किनवाल्याकडे फोन केला तर नाव विचारायच्या आधी प्रश्न, "गेझेट्झलिश ओडर प्रिव्हाट?", सरकारी की खाजगी. मी सरकारी म्हणालो, अकरा आठवड्यांनंतरची तारीख मिळाली, तोवर पुरळ आपोआप गेलं. (116117 ला फोन केला तर लवकरची अपॉइंटमेंट शोधून देतात हे मला नंतर कळलं.) प्रायव्हेटवाल्या मित्राला अशा वेळी त्याच आठवड्यात बोलावतात. पण त्याच्या किचनच्या ड्रॉवरमध्ये डॉक्टरांच्या बिलांची चळत असते, आधी बिल येतं, मग अ‍ॅपवर स्कॅन करून टाकायचं, मग पैसे परत. मी रिसेप्शनवर कार्ड देतो आणि बाहेर पडतो. औषधाला 5 ते 10 युरो, हॉस्पिटलात दिवसाला 10 युरो, तेही वर्षाला 28 दिवसांपर्यंतच. दातांच्या कॅपचे मात्र पब्लिकमध्ये बरेच पैसे स्वतः भरावे लागतात आणि मोठ्यांचा चष्मा बहुतेक वेळा खिशातूनच, दातांपुरती मी छोटी जादा पॉलिसी घेतलीय.

परतीचा रस्ता हा सगळ्यात मोठा मुद्दा. प्रायव्हेटमधून पब्लिकमध्ये यायला पगार मर्यादेखाली यावा लागतो किंवा नोकरी जावी लागते, आणि पंचावन्ननंतर तर दार जवळजवळ बंदच. म्हातारपणी प्रायव्हेटचा हप्ता पेन्शनकडे बघून ठरत नाही. चार-पाच वर्षं राहून परत जायचं नक्की असेल, एकटे असाल, तर प्रायव्हेट घ्या, मी अडवणार नाही. पण असं "नक्की" म्हणून आलेले आमच्या गणपतीत दर वर्षी आरतीला असतात, आता पोरांसकट.

आई-बाबा दोन्हीकडे बसत नाहीत, त्यांच्यासाठी ट्रॅव्हल इन्शुरन्सच काढावा लागतो. आणि जर्मनीतली पहिलीच नोकरी असून पगार मर्यादेच्या वर असेल तर पब्लिकमध्ये यायला तुमच्याकडे 3 महिने असतात, तेवढ्यात कासंचा फॉर्म भरा, एजंटचे फोन नंतर घ्या.